तेशुवा: चुकलेल्या वाटेवरून परत येण्याची रीत आणि जिभेची राखण

हिब्रूत मनाला लागलेल्या खंतीसाठी 'खराता' असा स्वतंत्र शब्द आहे. ज्यूधर्म ज्याचा आग्रह धरतो ती गोष्ट मात्र 'तेशुवा'. 'शुव' म्हणजे परतणं, त्या धातूपासून हा शब्द आला. खराता हा तेशुवाचा एक भाग झाला, अख्खी तेशुवा नव्हे. नव्याने शिकणाऱ्याची पहिली गफलत इथेच होते. मराठीत 'पश्चात्ताप' म्हटलं की मनातली जळजळ आठवते, 'प्रायश्चित्त' म्हटलं की उपवास, दान किंवा एखादा विधी. तेशुवात हे दोन्ही येतं, पण तिचा कणा आहे ठरलेल्या क्रमाने करायची कामं. क्रम चुकला तर अश्रू कितीही खरे असोत, काम अर्धवटच राहतं.

हा क्रम सर्वात स्वच्छ मांडला तो मध्ययुगातले ज्यू धर्मपंडित रामबाम म्हणजे मोशे बेन मैमोन (1138–1204) यांनी. त्यांच्या 'मिश्ने तोरा' या धर्मसंहितेत तेशुवाच्या नियमांची दहा प्रकरणं आहेत. सुरुवात करणाऱ्याने त्यातली पहिली दोन नीट वाचली तरी हातात पुरेसं साहित्य येतं. खालच्या पायऱ्या मुख्यतः तिथूनच घेतल्या आहेत.

आधी ठरवा: अपराध कोणाचा केला?

मिश्ना या ज्यू धर्मनियमांच्या जुन्या संग्रहातल्या 'योमा' या भागाच्या आठव्या प्रकरणात एक नियम आहे, आणि पुढचं सगळं त्यावर उभं आहे. माणूस आणि देव यांच्यामधल्या अपराधांचं क्षालन योम किपूर, म्हणजे प्रायश्चित्ताचा दिवस, करतो. माणूस आणि माणूस यांच्यामधल्या अपराधांचं क्षालन तोही दिवस करत नाही, जोवर ज्याला दुखावलं त्याची समजूत काढली जात नाही. म्हणून वही घ्या आणि पानाचे दोन भाग करा. शब्बाथ म्हणजे आठवड्याचा विश्रांतीचा दिवस मोडला, प्रार्थना बुडवली, निषिद्ध खाल्लं, हे एका बाजूला. उसने पैसे बुडवले, चारचौघांत अपमान केला, चहाडी केली, हे दुसऱ्या बाजूला. दुसऱ्या बाजूची प्रत्येक ओळ पहिल्या बाजूलाही लागू होते, कारण माणसाला दुखावणं हीसुद्धा देवाची आज्ञा मोडणंच आहे. उलटं मात्र होत नाही.

मग प्रत्येक ओळीपुढे तिची जात लिहा. तालमूद, म्हणजे मिश्नावरच्या चर्चांचा मोठा ग्रंथ, तीन शब्दांत फरक करतो. 'खेत' म्हणजे अनवधानाने झालेली चूक. त्या धातूचा अर्थच नेम चुकणं असा आहे. 'आवोन' म्हणजे कळत असूनही केलेली. 'पेशा' म्हणजे बंडखोरी, मुद्दाम आज्ञा झुगारणं. हे वर्गीकरण स्वतःला झोडपण्यासाठी करायचं नसतं. अनवधानाने चुकणाऱ्याला आठवणीची आणि सावधपणाची सोय लागते, जाणूनबुजून चुकणाऱ्याला मोहाच्या जागेपासून दूर जावं लागतं. उपाय वेगळे, म्हणून नावं वेगळी.

या हिशेबाला 'खेश्बोन हानेफेश', म्हणजे जिवाचा जमाखर्च, म्हणतात. तो वर्षभर थोडाथोडा करता येतो. 1808 साली मेनाखेम मेंडल लेफिन यांनी याच नावाच्या पुस्तकात एक पद्धत दिली: सुधारायचे 13 गुण निवडा, प्रत्येकाला एक आठवडा द्या, रोज रात्री त्या गुणात किती वेळा घसरलात त्याची खूण करा. 13 आठवड्यांनी फेरी पुरी होते, वर्षात चार फेऱ्या होतात. त्यांच्या 13 गुणांत मौनही आहे. शिस्त लागत नसेल तर 13 च्या ऐवजी तीनच गुण घ्या, पण खुणा रोजच्या रोज करा. आठवड्याने आठवून केलेल्या खुणांत माणूस स्वतःला सूट देतो.

पायऱ्या, क्रमाने

पहिली पायरी थांबण्याची. कृत्य चालू असताना कबुली देणाऱ्याला रामबाम तालमुदातला दृष्टान्त देतात: हातात मेलेला सरपटणारा प्राणी धरून शुद्धिस्नानाला उतरलेला माणूस. जगातलं सगळं पाणी अंगावर घेतलं तरी तो शुद्ध होत नाही. हातातलं टाकलं की एका बुडीत होतो. त्यामुळे खोटी बिलं बनवणं चालूच असेल, तर आज संध्याकाळची कबुली पुढे ढकला आणि आधी ती बिलं थांबवा.

दुसरी पायरी भरपाईची. चोरलेली, हडपलेली, परत न केलेली वस्तू तीच असेल तर तीच परत द्यायची. ती उरली नसेल तर तिची किंमत. तोरात, म्हणजे मोशेच्या पाच ग्रंथांत, एक जास्तीचा नियम आहे: दुसऱ्याचं देणं खोटी शपथ घेऊन नाकारलं आणि मग कबूल केलं, तर मूळ रकमेवर पाचवा हिस्सा भरायचा. परतफेडीची वाट इतकी अवघड होऊ नये की माणूस तेशुवाच सोडून देईल, याचीही धर्मशास्त्रींनी काळजी घेतली. चोरलेलं तुळईचं लाकूड घरात बांधून टाकलं असेल, तर घर पाडायला लावत नाहीत. लाकडाची किंमत दिली की पुरे. नुकसान कोणाकोणाचं झालं तेच माहीत नसेल, उदाहरणार्थ मापात मारणाऱ्या दुकानदाराचं, तर त्या पैशातून सार्वजनिक सोयी करायच्या. तालमुदातलं उदाहरण विहिरी, पाण्याचे साठे असं आहे. कारण सरळ आहे: फसवलेल्यांपैकी काहीजण तरी ते पाणी पितील.

भरपाई टाळून दानधर्म करणं ही फार पसरलेली चूक आहे. दान हे तेशुवाचं लक्षण मानलं जातं, पण ज्याचे पैसे खाल्ले त्याला सोडून तिसऱ्यालाच दिलेल्या पैशाने ते देणं फिटत नाही.

तिसरी पायरी समजूत काढण्याची. इथे बहुतेक जण अडतात, म्हणून थोडं सविस्तर. पैसे फेडले तरी माफी मागणं वेगळं बाकी राहतं. रामबाम हे स्पष्ट लिहितात. स्वतः जायचं. समोर गेल्यावर भडका उडेल असं वाटत असेल तर आधी मध्यस्थ पाठवून वाट मोकळी करून घ्यावी. काय चुकलं ते नाव घेऊन सांगायचं. 'कळत-नकळत काही चुकलं असेल तर माफ कर' हे वाक्य, किंवा योम किपूरच्या आधी शंभर जणांना एकदम पाठवलेला संदेश, विसरलेल्या बारीकसारीक गोष्टींपुरता ठीक आहे. ज्या अपराधाची दोघांनाही आठवण आहे त्याला तो पुरत नाही. अपवाद एकच: तपशील उच्चारल्याने समोरच्यालाच पुन्हा लाज वाटणार असेल, तर तो उच्चारू नये.

नाही म्हणाला तर? पुन्हा जायचं. एकूण तीन वेळा, दरवेळी तीन माणसं बरोबर घेऊन, आणि दरवेळी विनवणीची पद्धत बदलून. तेच वाक्य तीनदा म्हटलं तर तो एकच प्रयत्न झाला असं समजा. तीन वेळा नकार मिळाल्यावर तुमची जबाबदारी संपते. दहा जणांसमोर 'मी माफी मागितली होती' असं सांगून ठेवायची प्रथा आहे, म्हणजे लोकांत गैरसमज राहत नाही. अपवाद गुरूचा. ज्याच्याकडे तोरा शिकलात त्याला दुखावलं असेल तर हजार वेळा जावं लागलं तरी जायचं.

माणूस वारला असेल तर दहा जणांना घेऊन त्याच्या कबरीवर जायचं आणि म्हणायचं: इस्राएलाच्या देवाचा आणि या माणसाचा मी अपराधी आहे, मी असं असं केलं. पैशाचं देणं असेल तर वारसांना, वारस माहीत नसतील तर धर्मन्यायालयाकडे. दहाच का, तर दहा प्रौढांचा समूह म्हणजे 'मिन्यान', ज्यू सार्वजनिक प्रार्थनेला लागणारी किमान संख्या.

चौथी पायरी कबुलीची, 'विदुई'. ती तोंडाने करायची. मनातल्या मनात पस्तावणं रामबामांना पुरत नाही. ओठ हलले पाहिजेत, शब्द स्वतःच्या कानांना ऐकू आले पाहिजेत. त्यांनी दिलेला किमान साचा मराठीत असा मांडता येईल: 'हे देवा, मी चुकलो, वाकडा वागलो, तुझ्यापुढे बंड केलं. मी अमुक अमुक केलं. मला त्याचा पस्तावा आहे, माझ्या कृत्यांची मला लाज वाटते, आणि मी पुन्हा कधीही याकडे वळणार नाही.' यात 'अमुक अमुक' ही जागा रिकामी ठेवली की साचा निरुपयोगी होतो. भाषा हिब्रूच हवी असं नाही, आपल्याला कळते त्या भाषेत म्हणावं.

कबुली कोणाला ऐकवायची? धर्मगुरूला नाही, मध्ये कोणी पुरोहित नसतो, पापमुक्तीचं प्रमाणपत्र कोणी देत नाही. माणसाविरुद्धचा अपराध लोकांसमोर कबूल करणं रामबाम चांगलं मानतात. देवाविरुद्धचा अपराध चव्हाट्यावर मांडू नये, तो देव आणि आपण यांच्यातच राहू द्यावा. आजकाल उलटं दिसतं: खाजगी मोहांची जाहीर कबुली आणि भावाच्या फसवणुकीबद्दल चुप्पी.

पाचवी पायरी पुढच्यासाठीच्या निर्धाराची. तो इतका पक्का हवा की मनातलं जाणणारा देव साक्षी राहील, असं रामबाम म्हणतात. पहिल्यांदा हे वाचणारा घाबरतो. व्यवहारात निर्धार पक्का होतो तो नेमकेपणाने. 'आता चांगलं वागीन' हे धरायला काहीच नाही. 'त्या सहकाऱ्याबद्दल जेवणाच्या सुट्टीत बोलणार नाही' याला धरता येतं, रात्री तपासता येतं. वागण्याची जागा, संगत, वेळ बदला. रामबाम तर नाव बदलण्याचीही वाट सांगतात: ज्याने ते केलं तो मी आता नाही, असं स्वतःला बजावण्यासाठी.

मग परीक्षा. पूर्ण तेशुवा कोणती? तोच प्रसंग पुन्हा आला, तीच संधी, तेवढंच बळ, आणि माणसाने ते केलं नाही. भीतीने नाही, अंगात ताकद उरली नाही म्हणूनही नाही. म्हातारपणी मोह गेल्यावर केलेली तेशुवाही स्वीकारली जाते, पण वरची पायरी ही. यावरून एक सल्ला निघतो, त्याकडे फार दुर्लक्ष होतं: परीक्षा मुद्दाम ओढवून घेऊ नका. दारू सोडलेल्याने स्वतःला तपासायला गुत्त्यात जाऊन बसायचं नसतं.

'आधी पाप करीन, मग तेशुवा करीन' असं म्हणणाऱ्याला तेशुवाची संधी मिळत नाही, असं मिश्ना सांगते. ही शिक्षा वाटते, पण तिच्यातलं यंत्र समजण्यासारखं आहे: परतीचं तिकीट आधीच काढून निघालेला माणूस मुळात वळलेलाच नसतो.

माफ करणाऱ्याची बाजू

माफी मागणारा खऱ्या मनाने आला तर त्याला ताटकळत ठेवणं क्रूरपणा मानला आहे. लवकर विरघळावं, सावकाश रागवावं. तरी 'दुखावलेल्याने निमूट माफ करायलाच हवं' असा नियम नाही. शुल्खान आरूख ही सोळाव्या शतकातली संहिता आणि तिच्यावरच्या टिपा अपवाद नोंदवतात: माफी रोखल्याने समोरच्याचंच भलं होणार असेल तर रोखता येते, आणि ज्याने खोटी बदनामी केली त्याला माफ करणं बंधनकारक नाही. हा दुसरा अपवाद नीट लक्षात घ्या. बदनामी ऐकलेल्या कोणाकोणापर्यंत माफीची बातमी पोचणार? ज्याने फक्त बदनामी ऐकली, तो आयुष्यभर तेच खरं मानून चालेल.

एकदा माणूस वळला की त्याचं जुनं काढणं निषिद्ध आहे. 'तू पूर्वी काय होतास ते आठव' हे वाक्य मिश्नात नावानिशी दिलं आहे आणि त्याला 'ओनाआत देवारीम', शब्दांनी केलेली पिळवणूक, म्हटलं आहे. शेजारीच दुसरं उदाहरण आहे, बाजारात फिरणाऱ्या प्रत्येकाला लागू पडेल असं: घ्यायचंच नसेल तर विक्रेत्याला उगाच भाव विचारू नये. पैशाच्या फसवणुकीपेक्षा शब्दांची वाईट, असं तालमूद म्हणतो, कारण पैसे परत करता येतात.

एलूल ते दारफळणी

तेशुवा कोणत्याही मंगळवारी दुपारी करता येते. तरी वर्षातले 40 दिवस तिच्यासाठी राखलेले आहेत: ज्यू पंचांगातल्या एलूल महिन्याच्या आरंभापासून पुढच्या तिश्री महिन्याच्या 10 तारखेपर्यंत, म्हणजे योम किपूरपर्यंत. सेफार्दी, म्हणजे मूळच्या स्पेनकडच्या ज्यूंच्या, रीतीत जवळजवळ पूर्ण एलूलभर पहाटे उठून 'सेलिखोत' म्हणजे क्षमायाचनेची स्तोत्रं म्हणतात. अश्कनाझी, म्हणजे मध्य आणि पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या, रीतीत रोश हशाना या ज्यू नववर्षाच्या आधीच्या शनिवारी रात्री सुरुवात होते, आणि आधी किमान चार दिवस मिळायलाच हवेत. कोकणातून आलेले बेने इस्राएल ज्यू सेफार्दी रीत पाळतात. मुंबईत मांडवीला शामुएल दिवेकरांनी 1796 साली बांधलेलं 'शाआर हाराखामीम', म्हणजे दयेचं दार, हे त्यांचं सर्वात जुनं प्रार्थनास्थळ.

बेने इस्राएलांनी सणांना दिलेली मराठी नावं अर्थाने अगदी चपखल आहेत. रोश हशाना हा 'नव्याचा सण'. योम किपूर हा 'दारफळणीचा सण', दारं मिटण्याचा. त्या दिवसाच्या शेवटच्या प्रार्थनेचं हिब्रू नाव 'नेईला', म्हणजेही मिटणं. दुसऱ्या दिवसाला 'शिळा सण' म्हणतात. तो दानधर्माचा आणि भेटीगाठींचा.

वेळापत्रक करायचं तर असं करा. एलूलचा पहिला पंधरवडा वहीसाठी. दुसरा पंधरवडा भरपाई आणि भेटींसाठी. तीन वेळा जावं लागू शकतं हे धरून आधीच सुरुवात करा. रोश हशाना ते योम किपूर हे दहा दिवस राहिलेल्यांसाठी आणि कबुलीसाठी. योम किपूरच्या आदल्या दुपारी घाईघाईने फोन करत सुटणं ही नेहमीची चूक आहे, त्यात समोरच्याला विचार करायलाही वेळ मिळत नाही.

योम किपूरचा उपवास सुमारे 25 तासांचा, सूर्यास्ताआधीपासून दुसऱ्या रात्री तारे दिसेपर्यंत. पाच गोष्टी वर्ज्य: खाणंपिणं, आंघोळ, अंगाला तेल-अत्तर, चामड्याची पायताणं, शरीरसंबंध. आदल्या दिवशी जेवणं हेसुद्धा कर्तव्यच आहे; उपाशीपोटी उपवासाला बसू नका, भरपूर पाणी प्या, चहाकॉफीची सवय असेल तर आठवडाभर आधीपासून कमी करत आणा, नाहीतर दुपारी डोकं दुखून प्रार्थना हातची जाते. आजारी माणसाच्या जिवाला धोका असेल तर त्याने खाल्लंच पाहिजे. वैद्यांना गरज वाटत नाही, पण आजारी म्हणतो मला हवं, तर त्याचंच ऐकायचं. थोडंथोडं खाऊन भागत असेल तर साधारण 30 मिलिलिटरहून कमी घास, मध्ये 9 मिनिटांचं अंतर, अशी वाट आहे. तीही डॉक्टर आणि रब्बी (ज्यू धर्मगुरू) दोघांना आधी विचारून ठरवावी.

योम किपूर सुरू होताना संध्याकाळी म्हणायच्या 'कोल निद्रे'बद्दल मोठा गैरसमज आहे. त्या उच्चाराने सुटतात ते माणसाने देवाला केलेले नवस. मित्राला दिलेला शब्द, सावकाराचा कागद, लग्नाचं वचन यांतलं काहीही त्याने रद्द होत नाही.

त्या दिवसाच्या सामुदायिक कबुलीत उभं राहून किंचित वाकायचं आणि प्रत्येक शब्दाला उजव्या मुठीने छातीच्या डाव्या बाजूला हलकेच थाप द्यायची. ती वर्णमालेच्या क्रमाने रचलेली आणि बहुवचनात आहे: आम्ही अपराधी झालो, आम्ही दगा दिला. अश्कनाझी प्रार्थनापुस्तकात 'अल खेत' ही 44 ओळींची यादी असते. ती वाचताना एक गोष्ट लगेच लक्षात येते: ओठांचं बरळणं, तोंडाचा शब्द, वाईट जीभ, चहाडी, खिल्ली, खोटी शपथ, मूर्ख बडबड. एका अवयवाच्या वाट्याला इतक्या ओळी दुसऱ्या कुठल्याही अवयवाबद्दल आलेल्या नाहीत.

जिभेची राखण

आपण म्हणतो जिभेला हाड नाही. तालमुदात देव जिभेला म्हणतो: माणसाचे बाकीचे अवयव बाहेर आहेत, तुला मी आत ठेवलं, वर दोन भिंती घातल्या, एक हाडाची आणि एक मांसाची, आता तुझं आणखी काय करू? दात आणि ओठ हेच ते दोन कोट.

तोरातल्या लेवीय ग्रंथात आज्ञा आहे: आपल्या लोकांत चहाडी करत फिरू नको. या एका ओळीतून पुढे मोठं शास्त्र उभं राहिलं. रादीन गावच्या इस्राएल मेईर कागान यांनी 1873 साली ते विल्ना इथून एका पुस्तकात नियमवार छापलं, स्वतःचं नाव न घालता. पुस्तकाचं नाव 'खाफेत्झ खायीम', स्तोत्रसंहितेतल्या 'जीवनाची आवड असलेला माणूस कोण? त्याने जीभ वाईटापासून राखावी' या ओळींतून घेतलेलं. पुढे लोक लेखकालाच त्या नावाने ओळखू लागले. ते 1933 साली वारले. एका निंदेच्या वाक्यात जास्तीत जास्त किती आज्ञा मोडल्या जाऊ शकतात याची त्यांनी मोजदाद केली: 17 निषेध आणि 14 विधी, एकूण 31.

चार शब्द वेगळे ओळखा. 'लाशोन हारा' म्हणजे खरी पण कमीपणा आणणारी गोष्ट सांगणं. 'मोत्झी शेम रा' म्हणजे खोटी बदनामी. 'रखिलुत' म्हणजे अमका तुझ्याबद्दल असं म्हणाला, ही कागाळी. 'अवाक लाशोन हारा' म्हणजे निंदेची धूळ: 'त्याचं मी काही बोलतच नाही, काय झालं ते सांगायलाच नको.' किंवा 'तो असा सुधारेल असं कोणाला वाटलं होतं!' किंवा एखाद्याच्या वैऱ्यासमोर त्याची तोंडभर स्तुती, ज्याने वैरी आपणहून निंदा सुरू करतो.

'पण खरंच आहे ना' हे नव्या माणसाचं पहिलं उत्तर. खरं आहे, म्हणूनच त्याचं नाव लाशोन हारा. खोटं असतं तर ते त्याहून वाईट सदरात गेलं असतं. दुसरं उत्तर: 'मी त्याच्या तोंडावरही म्हणेन.' त्याने काही फरक पडत नाही. तिसरं: 'गंमतीत म्हणालो.' गंमतीला रामबामांनी नाव घेऊन बंदी केली आहे. हावभाव, डोळा मारणं, जुना संदेश पुढे ढकलणं, फोटोखाली एक हसरं चिन्ह टाकणं, सगळं याच नियमात येतं. जीभच हलली पाहिजे असं नाही. ऐकणाराही मोकळा नाही. चहाडी तिघांना मारते, म्हणणाऱ्याला, ऐकणाऱ्याला आणि ज्याच्याबद्दल आहे त्याला, असं तालमूद सांगतो. ऐकलेलं खरं मानू नये. सावधगिरी बाळगायला हरकत नाही. म्हणजे 'तो पैसे बुडवतो' असं कानावर आलं तर त्याला उसने देताना कागद करा, पण तो बुडव्या आहे असं मनात धरू नका. हा दोरीवरचा तोल आहे, सवयीने जमतो.

मग कधीच बोलायचं नाही? इथे नवे लोक दुसऱ्या टोकाला जातात आणि गप्प राहून कोणाचं तरी नुकसान होऊ देतात. स्थळाची चौकशी, नोकरीसाठी विचारपूस, भागीदारी, मुलांच्या सुरक्षेचा प्रश्न, अशा वेळी बोलणं कर्तव्य असतं. फायद्यासाठी बोलण्याला 'तोएलेत' म्हणतात आणि तिला सात अटी आहेत. गोष्ट तुम्ही स्वतः पाहिलेली हवी, किंवा नीट पडताळलेली. ती खरोखर अपराध आहे का, याचा घाईने निकाल लावायचा नाही. आधी त्या माणसालाच सौम्यपणे सांगून पाहायचं. तिखटमीठ लावायचं नाही. हेतू फक्त मदतीचा, जुना राग काढण्याचा नाही. दुसऱ्या कोणत्या मार्गाने तोच फायदा होत असेल तर बोलायचं नाही. आणि बोलण्याने त्या माणसाचं जेवढं नुकसान न्यायाने व्हायला हवं त्याहून जास्त होता कामा नये.

यातली तिसरी अट, तोंडावर सांगण्याची, लोक बहुतेकदा गाळतात. ती अवघड आहे हे खरंच; तीच निम्म्या चहाड्या जागच्या जागी संपवते. मात्र तोंडावर सांगितल्याने ऐकणाऱ्याला किंवा तिसऱ्याला धोका होणार असेल, तर ती अट सोडता येते. पाचवी अट स्वतः तपासायची एक खूण आहे: हेच सांगताना मनात चव येतेय का? येत असेल तर थांबा, चव ओसरू द्या, मग बोला.

स्थळाच्या चौकशीत उत्तर द्यायचं तर विचारलं तेवढंच, आणि निर्णयाला खरोखर महत्त्वाचं असेल तेवढंच सांगायचं. 'मुलगा कर्जात आहे, हे मी स्वतः पाहिलंय, तुम्ही चौकशी करा' हे चालतं. 'घरचे सगळेच तसे' हे चालत नाही, कारण ते पाहिलेलं नाही आणि विचारलेलंही नाही.

बोलून गेलं, आता?

निंदेची तेशुवा सर्वात अवघड, कारण परत करायची वस्तूच हातात नसते. आधी बघा, इजा झाली का. ऐकणाऱ्यांनी विश्वास ठेवला नाही आणि काही नुकसान झालं नाही, तर अपराध देवाविरुद्धचा उरतो. पस्तावा, कबुली, निर्धार. ऐकणाऱ्यांकडे जाऊन 'मी वाढवून सांगितलं होतं' म्हणणं हा पहिला व्यवहारी उपाय, लवकर केला तर खूप काही वाचतं. इजा झाली असेल तर माफी हवीच.

त्या माणसाला काही माहीतच नसेल तर? इथे दोन मोठे आचार्य वेगळे होतात. कागान यांचं मत: जाऊन सांगायचं आणि माफी मागायची. इस्राएल सालांतेर (1810–1883), मुसार म्हणजे नीतिशिक्षणाच्या चळवळीचे संस्थापक, यांच्या नावे सांगितलं जाणारं मत: ज्याला माहीत नाही त्याला सांगून तुम्ही नवी जखम करता, आपलं मन हलकं करायला त्याला दुखवायचा हक्क तुम्हाला नाही. आमचा कौल दुसऱ्या बाजूला, जोवर नुकसान दुरुस्त करायला त्याने ते जाणणं आवश्यक नाही तोवर. पैशाचं किंवा कामाचं नुकसान चालूच असेल, तर सांगावंच लागेल. शंका असेल तर प्रसंग मांडून, नावं गाळून, रब्बीला विचारा. नावं घालून विचारणं म्हणजे तीच चूक पुन्हा.

रोजचा सराव म्हणून 'माखसोम लेफी', तोंडाला लगाम, ही रीत आहे: दिवसातले एक-दोन तास ठरवून घ्यायचे, त्या वेळात निंदा बोलायची नाही आणि ऐकायची नाही. जिथे घसरता तीच वेळ निवडा, जेवणाची सुट्टी किंवा संध्याकाळचा फोन. रात्री झोपेची वेळ निवडण्यात अर्थ नाही. सोबत रोज दोन नियम वाचा, फार नकोत. विषय वळवायला एक-दोन वाक्यं तयार ठेवा: 'त्याची बाजू आपल्याला माहीत नाही', 'हे राहू दे, तुझं काय चाललंय?' आयत्या वेळी वाक्य सुचत नाही, म्हणून आधी पाठ हवं. उपदेश करू नका, नाहीतर ऐकणारा दुखावतो आणि एका चुकीच्या दोन होतात.

घसरलात तर त्याच दिवशी वहीत लिहा आणि तेवढ्याची तेशुवा करा, साठवू नका. दिवसातून तीनदा म्हणायच्या अमिदा प्रार्थनेच्या शेवटी एक ओळ येतेच: 'माझ्या देवा, माझी जीभ वाईटापासून राख.' योम किपूरच्या दिवशी नेईला संपते, शोफार म्हणजे मेंढ्याच्या शिंगाचं वाद्य वाजतं, आणि पाणीही न पिता लोक नेहमीची रात्रीची प्रार्थना सुरू करतात. 25 तास क्षमा मागून झाल्यावर अवघ्या काही मिनिटांनी त्या प्रार्थनेत पुन्हा येतं: 'आम्हाला क्षमा कर, आमच्या पित्या, आम्ही चुकलो.' ती ओळ गाळायची नाही.